उणे पंधराचा माड

माझ्या गच्चीवर एक माड आहे. माड म्हणजे इथे नुसता नारळ नव्हे, इंग्रजीत पाम म्हणतात ती सगळी झाडं. त्याला पुण्याची थंडी मानवते आणि पुण्याचा उन्हाळा सोसत नाही. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मी उलटं बोलून गेलो. माड म्हणजे कोकण, खारा वारा, अंगाला चिकटणारा घाम. ही सांगड आपल्या डोक्यात इतकी पक्की बसली आहे की बर्फात उभ्या असलेल्या माडाचा फोटो कुणी दाखवला तर तो खोटा वाटतो. मलाही वाटला होता.

माझी नोकरी हवामान खात्यातली, आणि जवळजवळ सगळी पुण्यातच झाली. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला जुने पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं. कित्येक वर्षं माझी सकाळ साडेआठला एका पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीचं दार उघडून सुरू व्हायची. पेटीत किमान तापमापक आडवा ठेवलेला असतो. त्यात पारा नसतो, अल्कोहोल असतं, आणि त्या द्रवात बुडालेली एक बारीक काळी दांडी असते. तिच्या दोन्ही टोकांना टाचणीच्या डोक्याएवढी गाठ. रात्री गारठा वाढतो तसं अल्कोहोल आकसतं आणि मागे सरकताना दांडीलाही ओढत नेतं. ऊन्ह आलं की द्रव पुन्हा पुढे जातो, दांडी मात्र जिथपर्यंत गेली होती तिथेच थांबून राहते. सकाळी तिचं बल्बापासून लांबचं टोक वाचायचं, वहीत आकडा लिहायचा आणि तापमापक तिरका करून दांडी पुन्हा द्रवाच्या कडेला आणून ठेवायची.

रात्रीचा सगळ्यात थंड क्षण किती थंड होता, एवढंच ती दांडी सांगते. तो क्षण दहा मिनिटं टिकला की चार तास, हवा कोरडी होती की दमट, आदल्या दिवशी पाऊस होता की ऊन, यातलं काही सांगत नाही. नोकरीत असताना याचा फार विचार केला नाही. माडाच्या नादी लागल्यावर मात्र रोज करतो.

निवृत्तीनंतर २०१२ साली आम्ही दोघं कुमाऊंला गेलो होतो. दिवाळी होऊन गेली होती, पहाटे गवतावर पांढरा थर दिसायचा. पिथोरागढच्या पुढे एका वळणावर चहाला थांबलो, तर समोरच्या घराच्या अंगणात देवदाराशेजारी माड उभा! खोडाला काथ्या गुंडाळलेला, माथ्यावर ताडासारखी पंख्याची पानं. बायको गुहागरची, माडांत वाढलेली. ती रस्ता ओलांडून गेली आणि थेट खोडाला हात लावला. "अहो, हा खोटा नाही," ती म्हणाली.

त्या डोंगराळ भागात दोन हजार मीटरच्या वर, बांजाच्या, म्हणजे तिकडच्या ओकाच्या, जंगलात एक माड मुळातलाच आहे. हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ पडतं. पिथोरागढजवळच्या थाकिल डोंगरावरून त्याला ताकिल हे नाव मिळालं. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ बेक्कारी यांनी १९०५ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, ट्रॅकिकार्पस ताकिल. त्याचा एक भाऊ मेघालयातल्या खासी टेकड्यांत आहे, ट्रॅकिकार्पस मार्टियानस. आणखी एक दार्जिलिंग-कालिम्पाँगच्या बाजूला सापडतो. दार्जिलिंगच्या एका हॉटेलवरून त्याला विंडामियर पाम म्हणतात आणि शास्त्रात त्याची नोंद व्हायला १९९७ साल उजाडलं. थंडीतले माड म्हटलं की लोक युरोप-अमेरिकेतल्या बागांची नावं घेतात, आणि या कुळातली तीन झाडं आपल्याच हिमालयात आणि ईशान्येत उभी आहेत. हे मला साठीत कळलं याचं अजून वाईट वाटतं.

परतीच्या वाटेवर एका छोट्या रोपवाटिकेत तीन रोपं घेतली. पिशवीवर हिंदीत लिहिलं होतं, ताकिल.

रोपं कसली, गवताची पातीच ती. माडाच्या बाळपणाची ही गंमत आहे. शिंदी असो, वॉशिंग्टोनिया असो की ताकिल, पहिलं पान सगळ्यांचं सारखंच येतं: एक लांबट, घड्या पडलेली हिरवी पट्टी. भेरली माडासारखे काही पहिल्यापासून दुभंगलेलं पान काढतात, पण बाकीच्यांकडे पाहून नाव सांगणं अशक्य. पहिला पंखा चिरला जायला माझ्याकडे चौथं वर्ष उजाडलं. तोवर पिशवीवरच्या अक्षरावर विश्वास ठेवायचा.

एक रोप पहिल्याच मे महिन्यात गेलं. रात्रीसुद्धा गच्चीची फरशी तापलेली, आणि या झाडाला रात्रीचा गारवा हवा असतो हे मला माहीत नव्हतं. दुसरं पाचगणीला साडूंकडे दिलं. तिसरं माझ्याकडे राहिलं. आज पाचगणीच्या झाडाचं खोड माझ्या छातीला लागतं आणि माझं गुडघ्याच्या वर गेलेलं नाही. एकाच पिशवीच्या रांगेतली ही दोन रोपं. पाचगणी समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास, पुणे पाचशेसाठच्या. फरक तेवढाच, आणि झाडाला तो पुरेसा आहे.

थंडी माडाला मारते कशी, हे समजून घ्यायला मला गुहागरची वाडी उपयोगी पडली. आंब्याची फांदी मोडली तर खालून दुसरी फुटते. माडाला तशी सोय नाही. खोडाला खरी साल नाही, वर्षागणिक जाड होणारा थर नाही, आणि एकखोडी माडाला वाढीची जागा अख्ख्या झाडात एकच, माथ्यावरचा कोंब. तो गेला की झाड गेलं. म्हणून कोकणात गेंड्या भुंग्याची एवढी धास्ती. पावसाळ्यात कोंब कुजण्याचा रोग येतो तेव्हा सासरे माडावर चढून मधली न उमललेली सुरळी हलकेच ओढून बघायचे. घट्ट असली तर ठीक. सुळकन हातात आली आणि बुडाला कुजका वास आला, तर आत सडलंय.

थंड देशांत माड लावणारे लोक वसंतात नेमकं हेच करतात. बर्फ वितळलं की पहिल्यांदा सुरळी ओढून बघतात. तिकडे बहुधा असं होतं की कोंबात पाणी साचतं, रात्री ते गोठतं, पेशी फाटतात, आणि फाटलेल्या जागी बुरशी शिरते. पानं मात्र आठवडेच्या आठवडे हिरवी दिसत राहतात. म्हणूनच नुसत्या थंडीपेक्षा ओली थंडी वाईट. जाणते लोक झाडाभोवती पेंढा भरतात, पानं वर बांधून घेतात, हवा खेळेल असं कापड गुंडाळतात, पण सगळ्यात आधी माथ्यावर छप्पर करतात, कोंबात पाऊस जाऊ नये म्हणून. प्लॅस्टिकने घट्ट बांधून ठेवलेलं झाड आतल्या ओलीनेच सडतं. कुंडीतल्या झाडाची काळजी आणखी वेगळी: जमिनीत मुळांना उब असते, कुंडीत गारठा चारी बाजूंनी आत जातो. लावायचं तेही थंडीच्या तोंडावर नाही. वसंतात लावायचं, म्हणजे मुळांना पहिला हिवाळा येईपर्यंत सहा-सात महिने मिळतात.

आता त्या आकड्याबद्दल. ट्रॅकिकार्पस फोर्चुनेई हा चीनचा माड जगात सगळ्यात जास्त लावला जाणारा थंडीतला माड आहे, आणि त्याच्या नावापुढे उणे पंधरा अंश असं सर्रास लिहिलेलं असतं. अमेरिकेच्या आग्नेय भागातला सुयांचा माड, ऱ्हापिडोफायलम, उणे वीसही सोसतो. हे आकडे खोटे नाहीत. पण ते माझ्या त्या काळ्या दांडीसारखे आहेत. उणे पंधरा म्हणजे वाढलेलं झाड, निचऱ्याची जमीन, कोरडी हवा आणि काही तासांची रात्र. दोन वर्षांचं रोप त्याच्या कितीतरी आधी जाईल. आठवडाभर दिवसाही तापमान शून्याच्या वर आलं नाही, तर मोठं झाडही जाईल.

आणि आकडा कुठे मोजला? आमची पेटी जमिनीपासून सव्वा मीटरवर असते. गवतालगत वेगळा तापमापक ठेवतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि थंड, जड हवा खोलगट जागी साचते. अशा रात्री गवताजवळचा आकडा पेटीतल्यापेक्षा काही अंशांनी कमी भरतो. पुण्याची आजवरची सगळ्यात थंड नोंद १.७ अंशांची, १७ जानेवारी १९३५ ची. पेटीत १.७, तेव्हा नदीकाठच्या सखल भागात गवतावर काय असेल, याची मला कल्पना करता येते. एका शहरात पाषाण आणि लोहगाव वेगळे, एका अंगणात भिंतीलगतची जागा आणि मधली जागा वेगळी. बागेतला माणूस विचारतो, हे झाड किती अंश सोसेल? त्याने आधी विचारायला हवं, माझ्या अंगणातली सगळ्यात थंड जागा कोणती.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. सुयांचा माड एवढा काटक, तरी इंग्लंडमध्ये तो नीट वाढत नाही. तिथली थंडी तो सहज सोसेल अशी आहे, मग अडतं कुठे? तर उन्हाळ्यात. त्याच्या मुलखात उन्हाळा कडक असतो. त्या उन्हात तो पानं काढतो, साठा करतो आणि त्या जोरावर हिवाळा काढतो. इंग्लंडचा उन्हाळा त्याला पुरत नाही. फोर्चुनेईचं तसं नाही. त्याला गार उन्हाळा चालतो, म्हणून तो तिकडे घरोघरी दिसतो. झाडाची थंडी झाडाच्या उन्हाळ्याकडे बघितल्याशिवाय कळत नाही.

फोर्चुनेई हे नाव रॉबर्ट फॉर्च्यून याच्यावरून पडलं. ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आणणारा तो हाच. चूशान बेटावर त्याने हे माड पाहिले आणि १८४९ साली काही रोपं इंग्लंडला धाडली, क्यू उद्यानात आणि व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न हाउसमध्ये. खरं तर झीबोल्ड या जर्मन वैद्य आणि वनस्पतिअभ्यासकाने १८३० च्या सुमारास जपानहून हॉलंडला त्याचं बी आधीच पाठवलं होतं, नाव मात्र फॉर्च्यूनचं लागलं. मला त्यातला एक तपशील आवडतो: चीनमधले शेतकरी या माडाच्या काथ्याचे पावसाळी अंगरखे करून घालत. आपल्याकडच्या इरल्याचा हा लांबचा नातेवाईक.

लेक झुरिचला असते. २०१९ च्या फेब्रुवारीत तिच्याकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुला माड बघायचेत ना, चल." गाडी आल्प्सखालच्या गोटहार्डच्या बोगद्यात शिरली तेव्हा बाहेर घरांच्या छपरांवर बर्फ होतं. सत्तावन्न किलोमीटरचा बोगदा. दक्षिणेकडे बाहेर पडून लुगानोपर्यंत गेलो आणि तळ्याकाठी उतरलो, तर माडच माड. बागेत असणार हे माहीत होतं. मला बसलेला धक्का वेगळा होता. लोकार्नोजवळ चेस्टनटच्या रानात पायवाटेने चढलो तर झाडांखाली, पाचोळ्यातून, माडाची रोपं वर आलेली. शेकड्यांनी. कुणी न लावलेली. पक्षी फळं खातात आणि बी टाकून जातात. पानगळीच्या रानात हिवाळ्यात वरून ऊन्ह येतं आणि या सदाहरित रोपट्यांचं फावतं. कित्येक दशकं हा माड तिथे शोभेचा म्हणून उभा होता, रानात शिरत नव्हता. हिवाळे सौम्य होत गेले तसा तो शिरला. संशोधक त्याच्याकडे बदलत्या हिवाळ्याची खूण म्हणून पाहतात.

मी वाकून एक रोप निरखलं. तीच पट्टी. गच्चीवर मी ज्याच्यासाठी मेमध्ये ओलं गोणपाट लावतो, तेच पातं इथे पाचोळ्यातून तणासारखं आलं होतं. आयुष्यभर किमान तापमानाचे आकडे लिहिले, दशकांच्या सरासऱ्या काढताना पाहिल्या. पण हिवाळा सरकल्याचं असं पायाखाली कधी दिसलं नव्हतं. मी बराच वेळ तिथून हललो नाही. लेकीने काही विचारलं नाही, शेजारी उभी राहिली. सप्टेंबर २०२४ पासून स्वित्झर्लंडमध्ये या झाडाची विक्री बंद आहे, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. झाडावर प्रेम असलं तरी.

तिथून आल्यावर मी माझ्या झाडाकडे नीट पाहायला लागलो.

माड ओळखायचा तर हाताने ओळखावा, असं माझं मत झालं आहे. फोटोवरून नको. आधी पान: पिसासारखं की पंख्यासारखं. पिसासारखं असेल तर पात्याची घडी बोटाने चाचपा. नारळाचं, सुपारीचं पातं कौलासारखं पालथं असतं. शिंदीचं पन्हळीसारखं उताणं, पाणी धरेल असं, आणि शिंदीच्या देठाच्या बुडाशी पात्यांचेच काटे झालेले. भेरली माडही उताणाच, पण त्याचं माशाच्या शेपटीचं पातं लपत नाही. पंख्याचं असेल तर देठाच्या कडेवरून बोट उलटं फिरवा, जपून. भूमध्यसागराकाठचा कॅमेरॉप्स असेल तर सरळ टोकदार काटे लागतील, आणि बुडातून पिलं फुटलेली दिसतील. पुण्याच्या बंगल्यांत चायना पाम म्हणून जो दिसतो तो लिव्हिस्टोना, त्याच्या कोवळ्या देठांवर आकडे आणि पात्यांची टोकं फितीसारखी लोंबणारी. ट्रॅकिकार्पसच्या देठावर नुसती खरखर लागते, बारीक करवतीसारखी. नर्सऱ्यांमध्ये सागो पाम म्हणून विकतात तो तर माडच नाही. ते सायकस, सूचिपर्णी झाडांच्या जवळचं. त्याची नवी पाती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली येतात. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात दरवर्षी दोन-चार जण तरी हे विचारतात आणि मी आनंदाने सांगतो.

माझ्या ताकिलचं काय? रोपाला पिशवीवरच्या नावाने मी दहा वर्षं हाक मारली. मग खोड दिसायला लागलं. ताकिलच्या खोडावरचा काथ्या कातरल्यासारखा आखूड आणि खोडाला चिकटून बसलेला असतो, फोर्चुनेईचा सैल, केसाळ, अंगावर लोंबणारा. लहानपणी ताकिलचं खोड आधी तिरकं रेलतं, मग सरळ होतं. माझं पहिल्यापासून ताठ. एका रविवारी चष्मा पुसून, भिंग घेऊन बसलो, पानाच्या चिरा मोजल्या, देठाच्या बुडाशी काथ्याची लांब लोंबती फीत पाहिली. पाचगणीहून साडूंनी त्यांच्या झाडाचा काथ्या लखोट्यात घालून पाठवला, तोही तसाच. दोन्ही झाडं फोर्चुनेई आहेत. चीनचीच.

मला राग आला होता, पण झाडावर नाही. हिमालयातल्या गावांत शोभेसाठी फोर्चुनेई लावलेला आहे, त्याचं बी सहज मिळतं. खरा ताकिल मोजक्या डोंगरांवर आहे आणि तो कमी होत चालला आहे. युरोपातही ताकिल म्हणून विकलेली पुष्कळ झाडं पुढे फोर्चुनेई निघाली. नाव चुकलं तर काय बिघडतं, असं मला एका मित्राने विचारलं. बिघडतं ते हे: बागांमध्ये ताकिल वाढतोय असं समजून लोक निर्धास्त होतात आणि डोंगरावरचा ताकिल संपत जातो. चुकीच्या वहीत लिहिलेला बरोबर आकडासुद्धा शेवटी चुकीचाच असतो.

झाड काही मी काढलं नाही. गेल्या ऑगस्टमध्ये तर ते जवळजवळ गेलंच होतं. दहा दिवसांची संततधार, कोंबात पाणी. बायकोने सकाळी सहज सुरळी ओढली आणि ती तिच्या हातात आली, बुडाला तपकिरी, वास येणारी. ती काही बोलली नाही, थेट सासऱ्यांची पद्धत धरली. कुजका भाग चमच्याने खरवडून काढला, कापसाने कोरडा केला आणि बुरशी मारणारं बोर्डो मलम भरलं. मी माथ्यावर जुन्या छत्रीचं छप्पर केलं. सहा आठवडे काहीच हललं नाही. दसऱ्याच्या आसपास त्या भोकातून एक टोक वर आलं, अर्धं खाल्लेलं, वेडंवाकडं. त्याच्या पुढचं सरळ होतं.

आता जानेवारी आहे. एरेका आणि नारळाचं रोप या दिवसांत गप्प बसलेली असतात. हा मात्र वाढतो. नव्या सुरळीवर मी पेन्सिलने रेघ मारतो आणि शेजारच्या जुन्या देठाशी ताडून बघतो. पेटीतला नाही, पानांच्या उंचीवर बांधलेला माझा साधा तापमापक आज सकाळी ८.६ दाखवत होता. काल संध्याकाळपासून रेघ तीन मिलिमीटर वर सरकली आहे. वहीत लिहून ठेवलं. कुंडीवरची ताकिल नावाची पाटी कधीच काढली, नवी अजून रंगवायची आहे.